रूथच्या ताटलीवरच्या रेघा

२००५च्या ऑक्टोबरात आम्ही तिघं शिकागोजवळच्या शॉमबर्गहून ओहायोकडे निघालो. गाडी मी चालवत होतो. मागे सुमनकाकू, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली ताटली. त्यांच्या शेजारी ताटलीची मालकीण रूथ, पंचाहत्तरी ओलांडलेली.

रूथने या प्यूटरच्या (कथलाच्या मिश्रधातूच्या) ताटलीतून काकूंना केक पाठवला होता. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून काकूंनी तीत पुरणपोळ्या ठेवल्या आणि गरम जाव्यात म्हणून ताटली थेट गॅसवर ठेवली. बघता बघता एक बाजू वितळून गळाली.

"स्टीलचीच वाटली रे," काकू तिसऱ्यांदा म्हणाल्या. "फोन अटेंड करायला वळले, तेवढ्यात..."

इंडियानात मका कापून झालेली शेतं लागली. थांब्यावर काकूंनी धपाटे काढले. रूथने एक घेतला. "तिखट आहे," एवढंच म्हणाली, पण संपवला.

प्यूटरची भांडी दुरुस्त करणाऱ्या वॉल्टरचं दुकान जुन्या कोठारात होतं. ताटलीमागे दोनशे वर्षांपूर्वीच्या कारखान्याच्या मालकाचा ठसा होता. मी कामगार चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला, विचारलंच, "ज्यांनी ओतली, घासली, त्यांची नावं कुठायत?"

"नाहीत. कोणी लिहून ठेवली नाहीत," तो शांतपणे म्हणाला.

ताटली सांधता येणार नव्हती. वितळवून पुन्हा ओतावी लागणार होती. "तेव्हा इथे कथील मिळायचं नाही," वॉल्टर म्हणाला. "लोक मोडकी भांडी आणून द्यायचे. हीसुद्धा कुणाच्या तरी जुन्या ताटलीतून झाली असेल."

रूथ उरलेल्या भागावर बोट फिरवत होती. "या सुरीच्या रेघा. ही खोल आईची, ती मांस जोरात कापायची. या जाणार?"

"जाणार."

काकूंनी मान खाली घातली. रूथ म्हणाली, "वितळवा. पण ओतायची पळी सुमन धरेल."

काकूंनी पळी उचलली. वॉल्टरने कोपराला आधार दिला. चकचकीत धार साच्यात उतरली. लेथवर ताटली घासून झाल्यावर त्याने स्वतःचा ठसा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. "ओतली यांनी," म्हणाला. "आणि हिच्यात खाऊ नका. जुन्या धातूत शिसं असतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शॉमबर्गला पोचलो. रूथच्या दारात काकू ताटली धरून अडून राहिल्या. "रिकामी कशी देऊ? हिच्यात खाण्याचं काही चालतही नाही."

रूथ आत गेली, सुरी घेऊन आली. "मग एक रेघ ओढून दे."

जिच्यावर कुणाचंच नाव नाही अशी ती ताटली काकूंनी गुडघ्यावर टेकवली आणि केसाएवढी रेघ ओढली.

"अजून जोरात," रूथ म्हणाली. "आई ओढायची तशी."