हौसाआत्याचं जप्त केलेलं बी

मी जिचा अपराधी आहे तिचं नाव हौसाआत्या. वेळही सांगतो. एकाहत्तर सालच्या वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, शेवगावच्या बाजारात, भर दुपारी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मंडळातल्या सोबत्यांना नाही, घरात नाही. दुसऱ्यांचा खोटेपणा उघडा पाडायला मला एक रात्र पुरते. स्वतःचा लिहायला दोन वर्षं लागली. का लागली? सांगतो — पण आधी त्या झाडाबद्दल सांगू द्या.

अक्कलकाढा म्हणतात त्याला. वीतभर, फार तर गुडघ्यापर्यंत वाढणारं झाड. फुलाला पाकळी नाही, नुसतं पिवळं बोंड आणि त्याच्या टोकाला तांबडा ठिपका. दाताखाली धरलं की जीभ झिणझिणते, तोंडाला पाणी सुटतं आणि ठणकणारी दाढ थोडा वेळ बधिर होते. आज माझ्या परसात मोरीच्या पाण्यावर याची साठ-सत्तर झाडं उभी आहेत. बहात्तर साली, माणसांना हंडाभर पाण्यासाठी कोस कोस चालावं लागत होतं तेव्हा, मी आंघोळीचं पाणी घालून ती जगवली. मला त्यांचा अभिमान आहे. असा वाफा मला आमच्या पंचक्रोशीत दुसरा दाखवा! नम्र होऊन लिहायचं म्हणून हेही लपवू की काय?

तर हौसाआत्या. आमच्याच गावची, एकटी राहणारी, सगळ्यांचीच आत्या. बाजारच्या दिवशी ओल्या फडक्यात ही फुलं घेऊन बसायची. तिचं बी श्रीगोंद्याकडचं, तिच्या माहेरचं — आईनं लुगड्याच्या गाठीत बांधून दिलेलं. दर साली ती मृगात पेरायची, दर साली बी धरायची. पेरताना मात्र तोंडाला पदर बांधायची आणि वाफा पुरा होईस्तोवर अवाक्षर बोलायची नाही. आणि बी टाकल्यावर त्यावर माती लोटायची नाही. 'पुरलं की मेलं' म्हणायची.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. अंधश्रद्धेविरुद्ध आमच्या तरुण मंडळाचं पहिलं पत्रक काढायचं होतं, आणि मला शत्रू हवा होता. गंडेदोरे करणारे बुवा होते की तालुक्यात — पण त्यांच्यामागे माणसं होती, लाठ्या होत्या. हौसाआत्यामागे कोण होतं? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही असं म्हणू? विचारला होता. उत्तर माहीत होतं म्हणूनच तिला निवडलं.

पत्रकात लिहिलं: "तोंड बांधून, मौनाचा मंत्र घालून बी पेरणारी ही बाई जनतेच्या दाढेवर भोंदूगिरीचं पीक घेते! माती न लोटता उगवणारं बी कोणत्या शेतकऱ्यानं पाहिलं आहे?" वाक्य जमलं होतं. अजूनही जमलेलंच वाटतं — तीच तर पंचाईत. गाळलं काय, तेही सांगतो. ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "घटकाभर ठणका थांबंल बाबा, दाढ न्हाई बरी व्हायची. नगरला जाऊन दाखव." हे मी शेजारी उभं राहून ऐकलं होतं. ते पत्रकात आलं असतं तर पत्रक उरलं असतं का?

त्या दुपारी तिच्यासमोरच ते मोठ्यानं वाचलं. माणसं जमली, हसली. कुणीतरी तोंडाला उपरणं बांधून तिची नक्कल केली. तिच्या पाटीत बियांची पुरचुंडी होती. मृग लागलेला, बाजारातून परत गेल्यावर ती पेरणारच होती. मी ती उचलली आणि वर धरून ओरडलो — "हा पुरावा! मंडळ हा जप्त करत आहे!"

जप्त. मला कुणी दिला होता हा अधिकार?

ती उठली. म्हणाली, "पुढारी, मला काय बोलायचं ते बोल. बी तेवढं दे. आईचं हाय, दुसरं न्हाई माझ्याजवळ." मी दिलं नाही. लोक बघत होते, माझा हात वर होता — तो खाली कसा घ्यायचा तेच मला कळेना. हे कारण नव्हे. घडलं ते सांगतो.

त्या साली तिचा वाफा रिकामा राहिला. बाजारात यायचीही थांबली. पोरंटोरं रस्त्यात तिला बघून तोंडावर हात धरायची.

आता जे लिहायचं ते याहून वाईट आहे.

तिचं म्हणणं खोटं पाडायचं म्हणून मी ते बी पेरायला घेतलं. शेतकऱ्याचा पोर मी, मला काय शिकवता? मेथीसारखं निम्मं बी मातीआड केलं. पंधरा दिवस गेले, महिना गेला — काही नाही. नवरात्रात उरलेलं घेतलं. परसात मोरीजवळ उकिडवा बसलो, तळहातावर बी होतं, आणि दसऱ्याच्या सभेचं भाषण मनाशी घोकत होतो. घोकता घोकता आवाज चढला — "बंधू आणि भगिनींनो!" — आणि हात रिकामा! अक्कलकाढ्याचं बी म्हणजे काळी कुसळं, भुशासारखी हलकी. एका फुंकरीत सगळं मोरीच्या चिखलावर पसरलं. शिव्या देत उठलो.

दहा-बारा दिवसांनी त्या चिखलात हिरवे ठिपके दिसले. उघड्यावर, माती न लोटता, बी जिथं पडलं होतं तिथंच.

म्हणजे पदर होता तो श्वासानं बी उडू नये म्हणून. मौनही त्याचसाठी. आणि त्या दाण्याला उजेड लागतो. पुरला की तो मरतो. मंत्र कुठला नि भोंदूगिरी कुठली? निरीक्षण होतं ते — पिढ्यान् पिढ्या तपासलेलं. ज्या विज्ञानाच्या नावानं मी छाती ठोकत होतो, ते तिच्या पदरात होतं.

त्याच दिवशी तिच्या दारात जायला हवं होतं. मी काय केलं? परसाचं दार लावून घेतलं, तोंडाला रुमाल बांधला आणि ती रोपं नीट लावली. पुढच्या साली तिच्याच रीतीनं पेरलं. वाफा बघायला शाळेचे मास्तर आले, तालुक्याची माणसं आली. "ही पद्धत कुठं शिकलास?" मी म्हणालो — "अभ्यास केला." सभेत 'प्रयोगशील तरुण' म्हणून हार घातला, तो घालू दिला. आणि त्याच सभेत ते जुनं पत्रक पुन्हा वाटलं. मी. माझ्या हातानं.

परवा गेलो तिच्याकडे, नवं बी घेऊन. तिनं चिमूट तळहातावर चोळली, फोलपट उडवलं. "दाणा भरलाय," म्हणाली. लबाडी कबूल करायला आलेला मी — तरी छाती फुगली. इतकं चांगलं बी मी धरलं होतं! मग मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "बाजारात सांगितलंस का?"

"नाही, आत्या."

"मग घेऊन जा. चार लोकांत हिसकलंस, नि गुपचूप देतूस व्हय रं? भीक हाय काय ही?"

पुरचुंडी माझ्या हातात ठेवून ती आत गेली. मृग आठ दिवसांवर आहे. म्हणून हे छापतो आहे, आणि येत्या बाजारी त्याच जागी उभा राहून वाचणार आहे. ती येईल की नाही मला माहीत नाही. बी घेईल की नाही, तेही नाही.

मला माफी नको, माझी बाजू घेणारं कुणी नको. पण वाचणाऱ्या, त्या दुपारी तू तिथं होतास. हसला होतास. माझं पत्रक घरी नेऊन बायकोला वाचून दाखवलंस. तू हौसाआत्याच्या दारात जा, आणि माझं नव्हे, तुझं नाव घेऊन सांग — मीही हसलो होतो.