व्यंकम्मानं सांगितलेला सिनेमा

व्यंकम्मा गेल्याचं मला गोंदियाच्या बाजारात कळलं, भाजी घेताना. सौंदडहून आलेली एक बाई सहज बोलून गेली, "तुमची ते तेलुगू मैत्रीण गेली ना वो..." मी पिशवी टाकून तिथंच खाली बसले. आता महिना होत आला, तरी राग जात नाही. मला कळवायचं कुणालाच सुचू नये?

ती वरंगळकडून लग्न होऊन सौंदडला आमच्या तेव्हाच्या घराशेजारच्या किराणा दुकानात आली. आमची बोली तिनं बघता बघता उचलली आणि भांडणात आम्हालाच भारी पडू लागली. तापट, हट्टी बाई. मला फार आवडायची.

चार वर्षांपूर्वीची, जर्मन-जपानच्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, तंबूचा सिनेमा आला, पण मालकाकडे हिंदी चित्राऐवजी तेलुगू चित्राच्या पेट्या येऊन पडल्या. मुक्या सिनेमाच्या काळात पडद्याजवळ उभं राहून कुणीतरी गोष्ट सांगायचं, तसं सांगायला त्यानं व्यंकम्माला गळ घातली. ती तयार झाली. त्या वर्षी गावात तापाची साथ होती. गणपत नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा अंथरुणाला खिळला होता, आणि धानाच्या रोवणीला मजुरीनं जाणारी एकटी विधवा बायजा चेटूक करते, तिनंच पोराला धरलंय, अशी कुजबुज वाढत चालली होती. घरी राहिली तर लपली म्हणतील, म्हणून व्यंकम्मानंच तिला तंबूत आणून माझ्याशेजारी बसवलं.

चित्रातही खेडंच होतं आणि तिथंही पोरं आजारी पडत होती. व्यंकम्मा खणखणीत आवाजात सांगत होती. मग पडद्यावर केस मोकळे सोडलेली एक बाई बाहुलीला सुया टोचताना दिसली, आणि व्यंकम्मा अडखळली... पुरुषांच्या बाजूनं गणपत उठला. "पाहा, पाहा! आपली बायजाही असंच करून राहिली!" साऱ्या माना आमच्याकडे वळल्या. बायजानं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली, पण मी हात सोडवला नाही.

"खाली बस, गणपत," व्यंकम्मा ओरडली. "सुया टोचून नाई राहिली ते. पोराईचा ताप काढून बाहुलीत भरून राहिली." तेवढ्यात पडद्यावरच्या गावानं मशाली घेऊन त्या बाईची झोपडी पेटवली. मागून रेल्वेच्या लाइनीवरचा एक तेलुगू मजूर उठला आणि हसत काहीतरी बोलला. खरी गोष्ट कळणारा तो एकटाच होता! व्यंकम्मानं त्याला त्याच्याच भाषेत काहीतरी सुनावलं. तो गुपचूप बसला.

पडद्यावर आता गुलाल उडत होता, ढोल वाजत होते. गणपतनं विचारलंच, "तं मंग गाव नाचून काऊन राहिलं?"

ती पडद्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "नाचून नाई राहिलं. ते मेलेली बाई नाचवून राहिली साऱ्याईले. आता कोणाचेच पाय थांबत नाई..."

ते हसरे चेहरे मग आम्हाला बघवेनात. एक लहान मूल रडू लागलं. खेळ सुटला तेव्हा लोक बायजाला वाट देत लांबून गेले. कुणी हात उगारला नाही. बाहेर मी व्यंकम्माला विचारलं, त्या मजुराला काय म्हणालीस? "तुह्या मायले असंच जाळू देशीन काय, म्हटलं."

पुढं गणपतचं पोर बरं झालं. पण भीतीनं आवरलेले लोक भीती सरली की पुन्हा सुरू होतील, हे व्यंकम्मा ओळखून होती. सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं बायजाला आपल्या ओट्यावर बसवलं आणि स्वतःची तान्ही लेक न्हाऊ घालायला तिच्या पायांवर ठेवली, सगळ्या रस्त्यादेखत. सासू आत रडत होती. "पाहू दे साऱ्याईले," व्यंकम्मा म्हणाली. मग रोज तेच.

मागच्या आठवड्यात मी सौंदडला जाऊन आले. व्यंकम्माचं दुकान बंद होतं, ओटा मात्र पाण्यानं ओला होता. तेल, पीठ, ऊन पाणी घेऊन बायजा बसली होती. गणपतची बायको नवं बाळ घेऊन आली. बायजानं पाय पसरले, तिनं बाळ त्या पायांवर ठेवलं आणि निवांत घरी निघून गेली.