आप्पांच्या रक्तातली दुसरी टेकडी

बेळगावच्या एका प्रयोगशाळेत मी पीएचडी करत होते. भाज्यांची पूड भरलेली कॅप्सूल घेतली, की तिच्यातली पॉलिफेनॉलं, म्हणजे झाडापाल्यातली ती तुरट, रंगीत द्रव्यं, रक्तात किती आणि कधी उतरतात, हे मला मोजायचं होतं. कॅप्सूल घ्यायला माणसं मिळता मिळेनात. त्यात एकजण ऐनवेळी गळाला. माझ्या मार्गदर्शक मॅडमना विचारून मी चिकोडीजवळच्या आमच्या गावी, वडिलांना फोन लावला.

आप्पा शेतकरी, आणि पक्के जैन. पहिला प्रश्न आला, "कॅप्सूलची खोळ कशाची गं?"

"झाडाच्या लगद्याची. जनावराचं काय न्हाय त्यात."

"आत कंदमूळ?"

"पालक, शेवग्याचा पाला, कोबी, टोमॅटो. एवढंच."

"मग येतो की!"

खरी अडचण चहाची निघाली. चहातही तीच द्रव्यं, म्हणून आधीचे दोन दिवस चहा, फळं, भाज्या सगळं बंद. आईनं फोनवर सांगितलं, "दूधभात खाऊन नुसतं भिंतीकडं बघत बसल्यात."

तपासणीच्या दिवशी आप्पा उपाशीपोटी, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले. कॅप्सूल घेण्याआधी एकदा रक्त काढलं. मग एका तासानं, दोन, चार, सहा, आठ. दर खेपेला ते नर्सबाईंना विचारत, "पोचलं काय?" नळ्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. पण आप्पांचा आकडा मला पाठ होता.

काही दिवसांनी ते नमुने यंत्रावर लावले. पहिल्या दोन तासांच्या रक्तात पडद्यावरच्या रेघेत जेमतेम एक टेकडी उठली आणि बसली. चार तासांना तर रेघ जवळजवळ सपाट. एवढ्या खटपटीनंतर एवढंच?

मग सहा तासांचा नमुना आला. रेघ वर चढली, चढतच गेली. पहिल्या टेकडीच्या कितीतरी वर! मी अशी ओरडले की मॅडम हातातला डबा तसाच घेऊन धावत आल्या. पडदा बघून त्याही हसल्या.

"वरच्या आतड्यात थोडंच शोषलं जातं," त्या म्हणाल्या. "उरलेलं मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू त्याचे बारीक तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात येतात. म्हणून उशीर."

हे मी पुस्तकांत कितीदा वाचलं होतं. पण माझ्या बापाच्या रक्तात ते घडताना पहिल्यांदाच बघत होते. तशीच व्हरांड्यात गेले आणि फोन लावला.

"आप्पा, पोचलं! तुमच्या पोटातल्या जिवाणूंनी पोचवलं!"

"म्हंजे आत जीव हाईत व्हय? लई?"

"कोट्यवधी."

"आणि त्यास्नी मी दोन दिवस पाल्याबिगर ठेवलं!"

मला हसू आवरेना. मग त्यांनी हळूच विचारलं, "ह्यानं गुडघं दुखायचं थांबतील का गं?"

"ते ह्यातनं कळत न्हाय, आप्पा. रक्तात पोचलं, एवढंच कळलं."

"ते तर कळलं न्हवं? झालं तर मग!"

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. आप्पांनी बस्तीसमोरच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरासमोरच्या, कट्ट्यावर बसून अख्ख्या गावाला मोठं आतडं समजावून सांगितलं होतं. तिघं कॅप्सूल घ्यायला तयार होते.

"आणि चौथी मी," आई म्हणाली. "कधी येऊ सांग."