पालथं फुलपात्र

शाळेत आले की गुरुजी आपलं पितळी फुलपात्र टेबलावर पालथं घालायचे. "लहान आधी, मास्तर शेवटी," म्हणायचे. शेवटचं लेकरू पाणी प्यायल्याशिवाय ते सुलटं होत नसे.

परतूरजवळच्या त्या खेड्यात मी त्र्याहत्तर साली त्यांच्या हाताखाली रुजू झालो. एक खोली, चार इयत्ता. पहिलीची पोरं चिंचोक्यांनी अक्षरं मांडायची, दुसरीचे पाढे तिसरीवाले घ्यायचे, चौथीचं शुद्धलेखन कोपऱ्यात मुकाट चालायचं. घंटा नव्हती. गुरुजी चष्मा पुसायला लागले की पोरं आपापल्या पुढच्या कामाला लागत. मी थक्क झालो. हौसेनं नेलेली छडी पहिल्याच दिवशी गुपचूप कपाटामागे टाकली. तुम्ही असतात तर तुम्हीही टाकली असती.

रांजणातलं पाणी वाढायची पाळी चौथीच्या मुलांची. हजेरीच्या क्रमानं, एकेकाला एक आठवडा. चैत्रात ती बौद्ध वस्तीतल्या एका मुलीवर आली, तसे गावचे पाटील शाळेत हजर. हिची पाळी बदला, नाहीतर आमची लेकरं काढून घेतो, म्हणाले. पट घटला की शाळा बंद. मला तर नोकरीला लागून महिनाच झालेला.

गुरुजी एवढंच म्हणाले, "पाळी हजेरीनं येते, पाटील. ते माझ्या हातात न्हाई."

पाटलांनी लेकरं काढली नाहीत, पण शाळेत पाणी प्यायचं नाही अशी तंबी दिली. निम्मी शाळा मधल्या सुट्टीत घरी पळायची. मुलगी ओगराळं धरून उभीच. आणि नियमाप्रमाणे गुरुजींचं फुलपात्र दिवसभर पालथं. त्यांचे ओठ फुटले. तुम्ही तरी प्या, म्हणून मी विनवलं, पण ते पालथ्या घड्यावर पाणी.

चौथ्या दिवशी पाटलांचा पहिलीतला नातू उठला आणि त्यानं मुलीपुढे ओंजळ धरली.

"वाढ. मी पेलो न्हाई तर गुर्जी बी पेत न्हाईत."

तिनं घाईघाईनं ओगराळं ओतलं, निम्मं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. त्याच्यामागे रांग लागली. सगळ्यांत शेवटी गुरुजींनी तिच्यापुढे फुलपात्र धरलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. फुलपात्र ते शाळेलाच ठेवून गेले. जूनमधल्या पहिल्या दुपारी मला तहान लागली, ते उचलून मी रांजणाकडे निघालो. त्याच दिवशी दाखल झालेलं, गुरुजींना कधी न पाहिलेलं एक पोर शेजारच्या मोठ्या मुलीनं कानात सांगितलेलं ऐकून माझ्याकडे मान वर करून म्हणालं, "मास्तर शेवटी."

मी फुलपात्र पुन्हा पालथं घातलं.