इंजिन चालू ठेवून बघा की

शिरोलीत माझं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं गॅरेज आहे. मी तोंडाचा फटकळ, हे येणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. पण त्या बाईंसमोर मी जो शहाणपणा केला त्याची अजून लाज वाटते.

बाई गारगोटीला शाळेत विज्ञान शिकवतात. डावा पाय लहानपणापासून अधू, क्लच दाबता येत नाही, म्हणून ऑटोमॅटिक गाडी. आणि पन्नाशीच्या या बाईंनी त्या टर्बो गाडीची ताकद ट्यूनिंग करून आणखी वाढवून घेतलेली! मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "उसाच्या ट्रॉलीमागं रांगत जायला गाडी घेतलीया व्हय मी?" ताकद वाढली की गिअरबॉक्सचं तेल जास्त तापतं, म्हणून जादा कूलर मीच बसवून दिला होता.

पंधरा दिवसांत बाई परत आल्या, सोबत धाकटा भाऊ. गाडी तापली की चढावर सटकायची, म्हणजे इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढं सरकायची नाही. भाऊ वैतागला होता. "आक्काला सांगून दमलो, ही थेरं नकोत म्हणून. मिस्त्री, काम मोठं असंल तर सरळ सांगा, विकून टाकतो. आक्काला शाळंत सोडायला कोणतरी बघू."

एक किल्ली चालू गाडीलाच होती. दुसरी बाईंनी मुठीत घट्ट धरली.

मी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली. तेल खुणेला बरोबर, जळकट वास नाही. "कन्व्हर्टर गेला," मी जाहीर केलं. "इंजिनाची ताकद त्याच्यातल्या तेलातनंच गिअरबॉक्सला जाते. ट्यूनिंगनं वाट लावली त्याची. कशाला नाद करायचा बाई, या वयात?"

"मग विकतोच," भाऊ म्हणाला.

बाईंनी पर्समधून वही काढली. गाडी कधी सटकली, किती वेळ चालवल्यावर, कुठल्या चढाला, सगळं लिहिलेलं. "गार असताना एकदाबी सटकत न्हाय, हे कसं? आणि तेल बघताना तुम्ही इंजिन बंद का केलंत? गाडीच्या पुस्तकात तर गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून बघा म्हणून लिहिलंय."

मी भडकलो. "आमच्या वडिलांची हयात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेली. आधी इंजिन बंद, मग बॉनेटमध्ये हात! मला शिकवू नका."

"शिकवणं माझा धंदाच हाय की. एकदा बघा तर."

त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच मी गाडी हायवेवर फिरवून आणली. हँडब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवून पट्टी काढली. टोक जेमतेम ओलं! आईशप्पथ, डोस्कंच सुन्न झालं. इंजिन थांबलं की कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते, हे शिकलेलं मी वडिलांच्या सवयीपुढं विसरलो होतो. माझ्याच कूलरमध्ये जादा तेल गेलं होतं, आणि तेव्हाही मीच बंद इंजिनावर पट्टी बघून गाडी सोडली होती. कमी तेलाचा तापून फेस व्हायचा, गाडी सटकायची.

'तेल कमी होतं' एवढंच सांगून सुटता आलं असतं. मनात आलंही तसं. पण बाईंच्या मुठीतली किल्ली दिसली.

"ट्यूनिंगचा दोष न्हाय," मी भावाला सांगितलं. "चूक माझी. बाईंनी धरली."

इंजिन चालू ठेवून थोडं थोडं तेल भरलं, खुणेला आणलं. आता तापल्या गाडीनं चढ बघायचा, म्हणून जोतिबाच्या घाटाकडं निघालो. भावानं हात पुढं केला, "आण आक्का किल्ली, मी बघतो चालवून."

"मागं बस," बाई म्हणाल्या.

तो मागं बसला. मी बाईंच्या शेजारी, दाराची मूठ धरून. घाटात पुढं खडीचा ट्रॅक्टर धूर सोडत चाललेला. रस्ता मोकळा दिसताच बाईंनी पाय दाबला. गाडीनं गिअर धरला, आणि ट्रॅक्टर मागं पडला.

"आक्का, हळू की!" भाऊ ओरडला.

बाईंनी पुढचं वळण घेतलं आणि एका हातानं वही मागं दिली. "लिही. तापलेली गाडी, चढ, सटकली न्हाय."

आरशात बघितलं, तर तो गुमान पेन शोधत होता.