चांदूरवाल्या, उठा!

अमरावतीच्या कॉलेजात मी विभागप्रमुख मॅडमच्या हाताखाली शिकवायला लागलो. नवीन मुलगी दिसली की त्या नावाआधी विचारायच्या, “कोन्या गावची तू? परतीची गाडी कितीची?” नाव त्या विसरायच्या, गाडी कधीच नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर, शिकवणं रंगात आलेलं असतानाही मध्येच थांबून म्हणायच्या, “चांदूरवाल्या, उठा!” मग बाकीच्यांसाठी पुढचा धडा.

मी एकदा विचारलं, “मॅडम, एवढी घाई काहून?”

“सर, पोरगी एक दिवस अंधार पडल्यावर घरी गेली ना, तर बाप तिचं कॉलेजच बंद करते. मंग तुमी शिकवसान कोनाले?”

परवा त्यांच्या निवृत्तीचा सत्कार झाला. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी वेचलेल्या आयुष्यावर प्रमुख पाहुणे बोलत होते, बोलतच होते. मानपत्र वाचायचं अजून बाकी होतं. बाहेर ऊन कलायला लागलं, तशा मॅडम शाल सावरत सरळ माइकपाशी गेल्या.

“साहेब, माफ करजा. चांदूरवाल्या, धामणगाववाल्या, उठा! गाडी लागली असन.”

मागच्या रांगांतल्या मुली दप्तरं उचलून निघाल्या. पाहुणे रिकाम्या होणाऱ्या खुर्च्यांकडे बघत राहिले. मी मात्र पहिल्या रांगेकडे बघत होतो. तिथे मॅडमची जुनी विद्यार्थिनी, आता केस पिकलेली प्राध्यापक, पर्स खांद्याला अडकवून उभी राहिली होती. ती मूळची चांदूरची. आता राहते अमरावतीत, कॉलेजच्या मागच्याच गल्लीत.