नोकरीआधी लागलेला फ्लेक्स

बाळांनो, इकडे आयटी शिकून पुढे काय मिळतं, असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलं होतंत. तेव्हा मी विषय बदलला. आता लिहिते.

तुंगार्लीच्या आपल्या बंगल्याची बाग पाहणारे भाऊ तुम्हाला आठवत असतील. ते जवळच्याच बेडसे गावचे. त्यांची मुलगी पुण्याच्या कॉलेजात आयटी इंजिनिअरिंग शिकली. शेवटच्या वर्षी ती दर रविवारी माझ्याकडे यायची आणि मी तिच्याकडून मुलाखतीचं इंग्रजी बोलून घ्यायचे. कॉलेजातच एका कंपनीने तिची निवड केली. जॉइनिंगची तारीख मागाहून कळवणार होते.

तारखेपर्यंत थांबतंय कोण? लगेच गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. काळ्या कोटातला तिचा फोटो, 'आयटी इंजिनिअरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. भाऊ पेढे घेऊन आले. "मावशी, आमच्या घरातली पयली," एवढंच म्हणाले.

कंपनीने जॉइनिंग पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. भाताची लावणी झाली, कापणीही झाली. पिठाच्या गिरणीत एका बाईने तिला सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं साहेबीण, तुजी कंपनी मुहूर्त बघतीया व्हय?" शेवटी मेल आला, सध्या भरती रद्द. तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना तसाच आला म्हणे.

कामशेतच्या एका कॉम्प्युटर क्लासला शिकवायला माणूस हवं होतं. मी ओळखीने शब्द टाकला, ते तयारही झाले. भाऊ तेव्हा कुंपण छाटत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"न्हाई मावशी. कामशेताला आमचं सगळं गाव बाजाराला येतं. पोरगी तितं दिसली म्हंजी काय म्हनतील?"

"भाऊ, शिकवण्याचं काम आहे. त्यात कमीपणा कसला?"

"तुमाला न्हाई कळायचं. तुमच्या पोराचा फोटो लागलाय का कवा फाट्यावर?"

तुमचे बाबा परदेशी गेले तेव्हा शेजाऱ्यांनाही महिनाभराने कळलं होतं. मी क्लासला नाही म्हणून कळवलं.

आता ती रोज सकाळी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून कामशेतहून लोकल धरते. गावाला वाटतं, पोरगी हिंजवडीला आयटी कंपनीत जाते. ती बेगडेवाडीला उतरते आणि तिथल्या एका गोडाऊनमध्ये खोकी भरते, त्यांवर लेबलं चिकटवते. तिथे गावचं कुणी नाही, एवढीच त्या नोकरीची सोय. बॅगेत जेवणाचा डबा असतो. क्लासला दुसरी मुलगी लागली.

परवा ती आली तेव्हा मी म्हटलं, "चल, पुन्हा सराव करू. दुसऱ्या कंपन्या आहेत की."

"आजी, आता पहिलाच प्रश्न असतो, कॉलेज संपल्यापासून काय केलंत?" ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "काय सांगू? गावात सांगते ते सांगितलं, तर कंपनीचे कागद मागतात. खरं सांगितलं, तर पुढचा प्रश्नच विचारत नाहीत."

त्याचं उत्तर मी इंग्रजीत बसवून पाहिलं. तिने दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. मग आम्ही दोघींनी तो नाद सोडला.